सांगितलेस म्हणून तुझी शाळा सुटणार नाही

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाचा एक रकाना असतो. त्यात बहुतेक वेळा 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहिले जाते. उर्दू आणि मराठी शिकवताना गेल्या अनेक वर्षांत आम्ही असे कितीतरी दाखले पाहिले. सातवी-आठवीतली मुलगी, हजेरी चांगली, अक्षर मोत्यासारखे. आणि एके दिवशी अचानक तिचे वडील दाखला मागायला येतात. कारण विचारले की आधी 'घरात काम पडते', 'दादी आजारी असते' अशी उत्तरे मिळतात. थोडे बसवले, पाणी दिले की खरी गोष्ट बाहेर येते. नाक्यावर काही पोरे उभी राहतात, एकाने चिठ्ठी टाकली, रिक्षावाला काहीबाही बोलला. 'मॅडम, जमाना खराब आहे. मुलीची जात. उद्या काही झाले तर?'

या वडिलांची काळजी खोटी नसते. पण या सगळ्या व्यवहाराकडे जरा बाजूला उभे राहून पाहा. चिठ्ठी टाकणारा नाक्यावरच राहतो. ज्या मुलीने हिंमत करून घरी सांगितले, तिचे दप्तर मात्र माळ्यावर जाते. आणि तिची धाकटी बहीण हे सगळे पाहत असते. तिला कोणी काही शिकवत नाही, तरी ती एक धडा घेते : घरी सांगितले की शाळा जाते. पुढे तिच्यावर प्रसंग आला की ती गप्प बसते.

विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबद्दल बोलताना सगळ्यात आधी बोलायला हवे ते या गप्प बसण्याबद्दल. मुलाला त्रास देणाऱ्या माणसाला एकांत लागतो, संधी लागते; पण त्याहून जास्त त्याला मुलाचे मौन लागते. म्हणून त्याची धमकीही ठरलेली असते. 'घरी सांगितलेस तर अब्बा तुलाच मारतील. तुझी शाळा बंद करतील. तुमच्या घराण्याची बदनामी होईल.' ही धमकी चालते, कारण मुलाला ती खरी वाटते. घरात ती खोटी ठरली, तर त्या माणसाच्या हातातले मोठे हत्यार निकामी होते.

धोका ओळखीच्या चेहऱ्याने येतो

आपण मुलांना 'अनोळखी माणसाशी बोलू नको' एवढेच शिकवतो. ते शिकवावेच. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की, मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. शेजारी, नातेवाईक, शिकवणीचे सर, व्हॅनचा ड्रायव्हर, मैदानावरचा मोठा मुलगा. माणसाचा पेशा, त्याचा पेहराव, त्याचे वय किंवा घरातले त्याचे येणेजाणे पाहून मुलाला त्याच्यासोबत एकटे सोडू नये. मग ती शाळा असो, मकतब असो, होस्टेल असो की चाचांचे घर. बहुतेक माणसे नेकच असतात. पण नेक माणसाला दार उघडे ठेवून शिकवायला हरकत नसते.

आणि हे फक्त मुलींपुरते नाही. मुलग्यांवरही अत्याचार होतात. 'तू मुलगा आहेस, रडतोस काय' असे म्हणून आपण त्यांचे तोंड आणखी घट्ट बंद करतो.

सूरह यूसुफ आपल्या घरांत पढली जाते. ती एकदा पालक म्हणून वाचून पाहावी. हजरत यूसुफ (अलै.) यांनी लहानपणी स्वप्न पाहिले आणि ते आधी आपल्या वालिदांना सांगितले. हजरत याकूब (अलै.) यांनी ते हसण्यावारी नेले नाही. त्यांनी ऐकून घेतले, मुलाला 'प्यारे बेटे' अशा शब्दांत जवळ केले आणि सावध केले की हे भावांना सांगू नकोस. धोका बाहेरच्यांकडून नव्हे, घरातल्यांकडून होता. पुढे मिसरमध्ये यूसुफ (अलै.) यांच्यावर तोहमत आली, तीही ज्या घरात ते राहत होते तिथेच. तेव्हा एका साक्षीदाराने सांगितले की कुर्ता पाहा, तो पुढून फाटला आहे की मागून. ज्याच्यावर जुल्म झाला त्यालाच दोष देण्याआधी पुरावा पाहायचा, हा धडा यात आहे. आपल्या मोहल्ल्यात मात्र मुलीचे नाव निघाले की कुर्ता पाहायलाही कोणी थांबत नाही.

सुरुवात घरातल्या दारापासून

मुलांशी शरीराबद्दल बोलायची अनेक माता-भगिनींना शरम वाटते. पण आपल्याकडे या बोलण्याला आधीच एक चौकट आहे. सूरह नूरमध्ये घरातल्या लहान मुलांनाही तीन वेळा परवानगी घेऊन आत येण्याचा हुकूम आहे : फज्रच्या आधी, दुपारी कपडे उतरवून आराम करतो तेव्हा, आणि इशाच्या नंतर. दहा वर्षांच्या वयात मुलांची बिछाने वेगळे करण्याची ताकीद हदीसमध्ये आहे. म्हणजे शरीराची हद्द असते, दुसऱ्याचा एकांत असतो, हे मुलाला घरातच कळावे अशी ही तरबियत आहे. जे मूल दार वाजवून आत येते, त्याला हेही सांगता येते की तुझ्याही हद्दीत तुझ्या परवानगीशिवाय कोणी येऊ शकत नाही.

चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढे पुरे : कपड्याखाली झाकलेल्या अंगाला कोणी हात लावायचा नाही, पाहायचे नाही, आपले दाखवायचे नाही. अम्मी आंघोळ घालते किंवा डॉक्टर अम्मीसमोर तपासतात, ते वेगळे. कोणी हात लावला तर मोठ्याने 'नको' म्हणायचे, तिथून निघायचे आणि घरी सांगायचे. 'नको' म्हणता आले नाही, निघता आले नाही, तरी सांगायचे. त्यात तुझी काही चूक नाही.

आणखी एक गोष्ट शिकवावी. ईदीची गंमत दोन दिवस लपवून ठेवणे चालते, कारण शेवटी ती सगळ्यांना सांगायचीच असते. पण 'हे अम्मीला कधीच सांगायचे नाही' असे जो मोठा माणूस म्हणतो, त्याची गोष्ट त्याच दिवशी अम्मीला सांगायची.

पाहुण्यांच्या मांडीवर बसायला, त्यांना मिठी मारायला मुलावर जबरदस्ती करू नये. सलाम केला की अदब पूर्ण झाली. एखाद्या नातेवाइकाकडे जायचे म्हटले की मूल रडते, पोट दुखते म्हणते, अंथरुण ओले करू लागते, अचानक अभ्यासातून मन काढून घेते, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी कारण शोधावे.

येता-जाता

खेड्यापाड्यांत मुली दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर चालत येतात. आपल्या राज्यात बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे, तो काढून घ्यावा. गाडीची वेळ शाळेशी जुळत नसेल, तर पालकांनी मिळून मुख्याध्यापकांमार्फत आगारप्रमुखांना अर्ज द्यावा. एकट्या बापाच्या अर्जापेक्षा वीस सह्यांचा अर्ज लवकर हलतो.

एकाच बाजूच्या चार-पाच मुलींचा गट करावा आणि त्यांनी सोबत जावे-यावे. एकदा अब्बांनी किंवा भाईजाननी त्यांच्याबरोबर चालत जाऊन वाटेतली तीन ठिकाणे ठरवून द्यावीत, जिथे गरज पडली तर शिरता येईल : ओळखीचे किराणा दुकान, औषधाचे दुकान, एखाद्या खालाचे घर. त्या दुकानदारालाही सांगून ठेवावे. व्हॅन किंवा रिक्षा लावली असेल तर गाडीचा नंबर, चालकाचे नाव आणि फोन घरात लिहून ठेवावा. कोणी 'तुझ्या अब्बांना अपघात झालाय, चल' म्हणून न्यायला आला, तर घरच्यांनी ठरवलेला गुप्त शब्द त्याला विचारावा. शब्द आला नाही तर जायचे नाही. अब्बा-अम्मीचा फोन नंबर पहिलीतल्या मुलालाही तोंडपाठ हवा. फोन हरवला की त्यातले नंबरही जातात.

रोज पाठलाग करणे, नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा बोलण्याचा प्रयत्न करणे, मोबाईलवर पाळत ठेवणे हा गुन्हा आहे. 2013 साली हा गुन्हा कायद्यात वेगळा घातला गेला आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम 78 खाली येतो. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. 'पोरंच आहेत, मस्ती करतात' असे म्हणणाऱ्यांना हे कलम सांगावे. अशा वेळी मुलीने तारीख, वेळ आणि जागा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली, तर तक्रारीला जोर येतो.

मोबाईलमधला सापळा

आता नाक्यावरची पोरे मोबाईलमध्येही आली आहेत. सापळा साधारण असा असतो. एखाद्या मुलीच्या नावाने मुलग्याला, किंवा हमदर्दी दाखवणाऱ्या मुलाच्या नावाने मुलीला मैत्रीचा संदेश येतो. काही दिवस गोड बोलणे, मग एखादा फोटो मागणे, किंवा व्हिडिओ कॉल लावून तो गुपचूप चित्रित करणे. आणि मग : 'पैसे पाठव, नाहीतर हे तुझ्या अब्बांना, तुझ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकतो.' फोटो दिलेला नसला तरी साध्या फोटोवरून खोटे अश्लील चित्र आता सहज बनवता येते. त्यामुळे 'तूच पाठवला असशील' असे म्हणून मुलावर तुटून पडू नये.

अशा वेळी पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते. त्या माणसाशी वाद घालू नये. संभाषण पुसून टाकू नये. समोरच्याचे खाते, नंबर, धमक्या, पैसे मागितलेला क्रमांक या सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि मग त्याला ब्लॉक करावे. पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. अठरा वर्षांखालील मुलाचा फोटो असेल तर 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनमध्ये त्या फोटोचा एक अंकी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो शोधून काढून टाकतात.

एक इशारा घरातल्या मोठ्यांसाठी. असा फोटो 'पुरावा' म्हणून खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मुलांची अशी चित्रे पुढे पाठवणे हा स्वतःच गुन्हा आहे, आणि बदनामी पसरवण्याचे काम मग आपणच करतो.

मूल सांगू लागले की

हातातले काम ठेवावे. चेहरा शांत ठेवावा, आतून कितीही आग लागली तरी. मूल आपल्या तोंडाकडे पाहूनच पुढचे वाक्य बोलायचे की नाही ते ठरवते. पहिले वाक्य असे असावे : 'तू मला सांगितलेस, फार चांगले केलेस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी चूक नाही.' 'तू तिथे गेलीसच कशाला', 'इतके दिवस का नाही बोललास', 'कपडे कुठले घातले होतेस' हे प्रश्न त्या वेळी नकोत, नंतरही नकोत.

मूल जेवढे बोलेल तेवढे ऐकावे, खोदून खोदून विचारू नये, आणि दहा नातेवाइकांसमोर पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये. त्याने वापरलेले शब्द नंतर तसेच लिहून ठेवावेत. घटना ताजी असेल तर आंघोळ घालण्याची, कपडे धुण्याची घाई करू नये. ते कपडे कागदात गुंडाळून ठेवावेत आणि मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे. सरकारी असो की खासगी, रुग्णालयाने अशा मुलावर तात्काळ मोफत उपचार केले पाहिजेत, असा कायदा आहे. आणि तो माणूस घरातला असला तरी आधी त्याला जाब विचारायला धावू नये. तो सावध होतो, मुलावर दबाव आणतो.

आपल्याकडे अशा वेळी चार मोठी माणसे बसतात आणि 'आपसात मिटवू' म्हणतात. कधी त्या माणसाला गाव सोडायला सांगतात, कधी मुलीच्याच निकाहाची बोलणी सुरू करतात. हे मिटवणे झाले नाही. त्या माणसाला दुसऱ्या गावात दुसरी मुले सापडतात.

कायदा मुलाच्या बाजूने आहे

पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही तो लागू होतो. असा गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडपला तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.

पोलीस ठाण्याची पायरी चढायची म्हणजे बदनामी, ही भीती आम्ही समजू शकतो. म्हणून कायद्याने काय सोय केली आहे, ते माहीत असावे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेता येतो. शक्यतो महिला अधिकारी जबाब घेते आणि ती गणवेशात नसते. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते, पालकांसमोर. मुलाचे नाव, फोटो, पत्ता, शाळा छापण्यास मनाई आहे. न्यायालयात मुलाला आरोपीच्या समोर उभे करायचे नसते. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्याने तक्रार नोंदवून घेतलीच पाहिजे, आणि तिची प्रत मोफत मिळते. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिला व मुलांना मोफत वकील देते. त्याचा क्रमांक 15100.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुकल्यांवर शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे प्रकरण उघड झाले. घरच्यांनी त्या लहानग्यांच्या दुखण्याकडे, भीतीकडे दुर्लक्ष केले नाही म्हणून ते उघड झाले. तक्रार नोंदवायला उशीर केल्याबद्दल पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. चार वर्षांच्या मुलाचे शब्द तोकडे असतात, पण ऐकणारा असला की ते पुरतात.

आपल्या मुलांच्या शाळेत पुढच्या पालकसभेत तीन गोष्टी विचाराव्यात. सखी सावित्री समिती आहे का, आणि तिच्यात कोण आहेत? तक्रारपेटी कुठे लावली आहे आणि ती कोणासमोर उघडली जाते? मुलींच्या स्वच्छतागृहाकडे, व्हॅनमध्ये आणि शाळा सुटल्यावर फाटकावर कोण लक्ष ठेवते? विचारणाऱ्या पालकांचा शाळेला राग येत नाही. चांगल्या शाळेला त्यांचा आधारच वाटतो. हेच प्रश्न मकतबच्या कमिटीलाही अदबीने विचारता येतात.

नाक्यावरचा मुलगाही कोणाचा तरी आहे

मुलींना किती सांभाळायचे याची यादी आपण मोठी करत जातो. पण सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतर. आपला मुलगा अस्रनंतर कुठे उभा असतो, कोणाच्या मागे गाडी फिरवतो, मित्राच्या मोबाईलवर कोणाचे फोटो पाहून हसतो, हे अब्बांनी विचारले पाहिजे. एका नौजवानाने रसूलुल्लाह (सल्ल.) यांच्याकडे येऊन चक्क बदकारीची परवानगी मागितली होती. लोक त्याच्यावर ओरडले. आपण (सल्ल.) त्याला जवळ बसवले आणि विचारले की हे तुझ्या आईबाबत, बहिणीबाबत, मुलीबाबत तुला पसंत पडेल का. आपल्या मुलग्यांशी असे जवळ बसवून बोलणारे वडील हवेत.

1848 साली पुण्यात सावित्रीबाई फुले शाळेत जात, तेव्हा त्यांच्यावर शेण-चिखल फेकला जाई. त्या दुसरे लुगडे सोबत घेऊन निघत, आणि शिकवत. त्यांच्या सोबतीण फातिमा शेख यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. रस्ता तेव्हाही सुरक्षित नव्हता. त्यांनी शाळा बंद केली असती, तर रस्ता आपोआप चांगला झाला नसता.

या आठवड्यात एखाद्या दिवशी मगरिबनंतर टीव्ही बंद करून मुलांना जवळ बसवा. 112, 1098 आणि 1930 हे तीन क्रमांक त्यांच्या वहीवर लिहून द्या : पहिला कोणत्याही संकटासाठी, दुसरा मुलांसाठी, तिसरा मोबाईलवरच्या फसवणुकीसाठी. मग अब्बांनी स्वतःच्या तोंडून सांगावे, कारण मुलांना भीती बहुतेक त्यांचीच असते : 'बेटा, काहीही झाले, कोणीही केले, तुझ्या हातून चूक झाली असली तरी, आधी मला सांग. मी ओरडणार नाही. आणि सांगितलेस म्हणून तुझी शाळा सुटणार नाही.'

हा वादा केला की मग पाळावाही लागतो.